पुडी घेतली की मागं फिरायचं

स्ट्रॅथबार्नी,
२२ सप्टेंबर १९३५

ती. ग्रिझेलताईस,
नेसीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि लोकरीची टोपी दोन्ही पोचली. टोपी बाळाच्या हनुवटीपर्यंत येते. डेव्हीने ती चहाच्या किटलीवर चढवून पाहिली, तिथे अगदी मापात बसली. अ‍ॅबर्डीनच्या तुझ्या इस्पितळात एवढ्या मोठ्या डोक्यांची बाळं जन्मतात का, असं त्याने विचारायला सांगितलं आहे. मुलीचं नाव मात्र विचारू नकोस. बाप्तिस्म्याआधी ते तोंडातून काढायचं नाही, आणि कागदावर लिहिणं म्हणजे काढणंच की.

आता खरी गोष्ट. आपलं उत्तर चर्च बंद झालं. छपराने मान टाकली होती आणि दोन्ही चर्चं एक करायचं तर केव्हाच ठरलं होतं. ऑगस्टपासून आपली माणसं त्या दुसऱ्या, जुन्या चर्चमध्ये दुपारी जमतात आणि त्यांची सकाळी. तेरा ऑक्टोबरला पहिल्यांदा सगळे एकत्र बसणार, आणि त्याच दिवशी पाद्रीसाहेब आमच्या बाळाचा बाप्तिस्मा करणार आहेत.

बाबा येणार नाहीत. त्यांच्या आजोबांनी जमीनदाराने लादलेला पाद्री नाकारला आणि ते जुन्या चर्चच्या दारातून बाहेर पडले, म्हणून उत्तर चर्च उभं राहिलं, तर आता नातवाने त्याच दारातून आत जायचं नाही, असं त्यांनी पाद्रीसाहेबांना दारातच ऐकवलं. नव्वदेक वर्षांपूर्वीचं भांडण, पण बाबा असं सांगतात की जणू काल संध्याकाळीच झालं. त्यात उत्तर चर्चचे बाक काढायचं आणि घंटा उतरवायचं काम डेव्हीला मिळालं. सुतारच तो, नाही कसं म्हणणार? तेव्हापासून बाबा तीन घरं पलीकडे राहूनही रविवारी आमच्याकडे जेवायला येत नाहीत. बाळाला बघायला येतात ते डेव्ही कामावर गेला की.

ताई, मला रडू येतं. बाप्तिस्म्याला बाबा आले नाहीत तर ही फट बुजायची नाही. डेव्ही वरून हसतो, पण त्याला लागलं आहे. तूच काही सुचव. लोभ आहेच, तो टोपीइतका ऐसपैस राहू दे.

तुझी,
नेसी

• • •

अ‍ॅबर्डीन,
२७ सप्टेंबर १९३५

चि. नेसीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

रडत बसू नकोस, दूध आटेल. टोपी मी मुद्दाम मोठी विणली. पुढच्या हिवाळ्यालाही चालेल आणि डेव्हीच्या चहालाही.

बाबांची मनधरणी अजिबात करू नकोस. जितकं विनवशील तितके ते ताठ होतील. आपल्या गावाने काय काय वेगळं केलं होतं ते विसरलीस का? दोन चर्चं, दोन शाळा, दोन वाचनालयं. आई तर पावसुद्धा उत्तर चर्चवाल्या भट्टीतूनच आणायची. कितीही जळका असला तरी आपला पाव, असं म्हणायची. अशा घरात वाढलेल्या माणसाला चर्चा करून कोण वळवणार?

पण एक गोष्ट ह्या भांडणाहूनही जुनी आहे. बाळाची पुडी. मुलीला बाप्तिस्म्याला नेताना वाटेत जो पहिला पुरुष भेटेल, त्याच्या हातात आल्याचा केक, चीज आणि चांदीचं नाणं बांधलेली पुडी ठेवायची. ती नाकारायची नाही, नाकारली तर बाळाला वाईट. आणि पुडी घेतली की आपलं काम सोडून मागं फिरायचं, बाळाबरोबर चालायचं. बाबा पाद्र्याला नाही म्हणतील, तुला म्हणतील, मलाही म्हणतील. पुडीला नाही म्हणणार नाहीत.

माझ्या बाप्तिस्म्याच्या वेळी पुडी म्यूर कोळसेवाल्याला मिळाली होती. तो जुन्या चर्चचा, पण काळ्या हातांनी पुडी घेऊन मुकाट्याने मागं फिरला. बाबा अजून ते सांगतात, तुला ठाऊकच आहे.

तेव्हा रविवारी बाबा फाटकाशी पाइप ओढत उभे असतात ती वेळ साध. पुढचं मी सांगायला नको. मला रजा मिळत नाही, नाहीतर मीच बाळ घेऊन त्यांच्या अंगावर चालून आले असते. तब्येतीला जप आणि ह्या दूरच्या बहिणीवर आत्ता आहे तेवढी माया असू दे.

तुझी,
ग्रिझेल

• • •

स्ट्रॅथबार्नी,
७ ऑक्टोबर १९३५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी अक्कल अ‍ॅबर्डीनला वाया जाते आहे. बेत पक्का केला. बाळाला आणि पुडीला डेव्हीची बहीण जीन घेणार. डेव्ही आधीच चर्चमध्ये जाऊन बसेल, म्हणजे पहिला पुरुष भेटला तो बापच, असं हसं व्हायला नको.

अडचण एकच, मिस्टर पर्दी. बाबांच्या समोर राहणारे, जुन्या चर्चचे. गेली कित्येक वर्षं बाबा आणि ते टोपीला हात लावण्यापलीकडे एकमेकांशी बोललेले नाहीत. नेमके त्याच वेळी ते कुत्रा फिरवायला बाहेर पडतात. पुडी त्यांच्या हातात गेली तर सगळं मुसळ केरात. जीन म्हणते आपण पर्दींच्या कुत्र्याला आधी एक हाड घालू. मला तिच्यावर भरवसा नाही.

शिवणमंडळात वेगळाच घोळ चालू आहे. आपली माणसं बसून गातात आणि उभं राहून प्रार्थना करतात, त्यांचं बरोबर उलटं. रविवारी काय करायचं हे कुणी कुणाला विचारायला तयार नाही, म्हणे विचारलं तर हरल्यासारखं होईल. मी त्यात पडले नाही. माझ्यापुढे पर्दी उभे आहेत. तुझे आशीर्वाद रविवारी सकाळी जरा जास्त पाठव.

तुझी,
नेसी

• • •

स्ट्रॅथबार्नी,
१४ ऑक्टोबर १९३५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ताई, बाबा आले. आधी हे वाच, मग बस आणि बाकीचं वाच.

आपला बेत पार फसला. फाटकाशी बाबा नव्हते. दार बंद, धुराडं थंड. पर्दीही कुठे दिसेनात, ना त्यांचा कुत्रा. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. जीन म्हणाली की चला, नाहीतर पुडी आपल्यालाच खावी लागेल. मी डोळे पुसत चालले होते.

उत्तर चर्चच्या वळणावर आलो, तर कुलूप लावलेल्या दाराच्या पायरीवर बाबा बसलेले. काळा कोट, गुळगुळीत दाढी, मांडीवर टोपी. घंटा नसलेल्या मनोऱ्याकडे बघत होते. मी जागीच थांबले. जीन मात्र सरळ पुढे गेली आणि तिने त्यांच्या हातात पुडी ठेवली. बाबांनी पुडीकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं. मग उठले, कोट झटकला आणि उतरणीला लागले. मी काही बोलणार तेवढ्यात म्हणाले की गप्प चाल, रीत म्हणून चाललोय, दारापर्यंत. दार आलं. त्यांनी टोपी काढली आणि आत गेले. ताई, माझ्या छातीवरून दगड उतरला.

डेव्हीने सरकून बाकावर जागा केली. बाबा त्याच्या शेजारी बसले आणि त्यांनी पुडी दोघांच्या मध्ये ठेवली. बाळ पाण्याला रडलं नाही. आता नाव लिहिते: एल्स्पेथ, आईचं. पाद्रीसाहेबांनी ते उच्चारलं तेव्हा बाबा जमिनीकडे बघत होते.

मग स्तोत्र सुरू झालं. शिवणमंडळाच्या घोळाचं काय झालं ऐक. आपल्या लोकांनी गुपचूप ठरवलं होतं की पाहुण्यासारखं वागायचं, त्यांच्यासारखं उभं राहून गायचं. त्यांनीही गुपचूप ठरवलं होतं की नव्या लोकांचा मान ठेवायचा, बसून गायचं. तेव्हा आपले सगळे उठले आणि त्यांचे सगळे बसून राहिले. एकमेकांना पाहून आपले घाईने बसले, तेवढ्यात ते उठले. असं तीनदा झालं. पाद्रीसाहेबांना हसू आवरेना आणि मग सगळं चर्चच हसायला लागलं. बाबा तेवढे आपले शांत बसून गात होते.

जेवायला आले. डेव्हीने वाढलेलं सूप दोनदा घेतलं आणि बाक नीट काढले का, असं त्याला विचारलं. घंटा जपून उतरवल्याचं ऐकून मान डोलावली. हे सगळं तुझ्यामुळे. तुझ्या मायेची मला अशीच गरज पडत राहणार आहे, तेव्हा सवय ठेव.

तुझी,
नेसी

• • •

स्ट्रॅथबार्नी,
२० ऑक्टोबर १९३५

चि. ग्रिझेल हिस,
अ. उ. आ.

मी बरा आहे. बटाटे काढून झाले. तू धाडलेले मोजे उबदार आहेत, टाचेला ढगळ. तुझ्या मापाचं एकदा बघ.

रविवारचं नेसीने तुला रंगवून कळवलंच असेल. मी जुन्या चर्चमध्ये गेलो हे खरं. आजही गेलो. बाक कडक आहेत. बसूनच गायलो. आजोबांचं चुकलं असं मी म्हणत नाही आणि कुणी म्हटलेलं ऐकूनही घेणार नाही. पण तुझ्या वेळी म्यूर कोळसेवाला नुसता मागं फिरला नव्हता. आमच्या चर्चमध्ये येऊन मागच्या बाकावर शेवटपर्यंत बसला होता, आणि त्यापायी त्याच्या माणसांनी त्याला महिनाभर छळलं. त्याची परतफेड कुणी तरी करायला हवी होती. केक चांगला होता. नाणं तुझ्या आईच्या शिवणाच्या डब्यात ठेवलं आहे.

पुडी घेऊन पोरी माझ्याच दारावरून जाणार हे मला कळत होतं, पण फाटकाशी उभं राहून पकडलं जायला मी काही कोंबडी नाही. जाणारच होतो, तर जिथे माझं आयुष्य गेलं, त्या उत्तर चर्चच्या पायरीवरून जावं असं वाटलं. पोरगी त्याच वाटेने येणार, दुसरी वाट नाही. अडचण फक्त पर्दीची होती. शनिवारी त्याचं दार ठोठावलं आणि उद्या कुत्र्याला लवकर फिरवून आण, म्हणून सांगितलं. त्याने कारण विचारलं नाही. चहा विचारला. मी घेतला.

हे नेसीला कळवू नको. पुडीनेच मला वळवलं असं तिला वाटतं आहे. एल्स्पेथ मोठी झाली की मी स्वतः तिला सांगेन.

थंडी वाढते आहे, रात्रपाळीला गळा झाकून जात जा. म्हाताऱ्याची आठवण ठेव.

तुझा,
बाबा