शून्य बरोबर शून्य

चिमणे,

पहिल्या बसने मी आईला बघायला दवाखान्यात जातेय. तू गाढ झोपली होतीस, उठवलं नाही. दूध तापवताना उतू गेलं, तेवढी शेगडी पुसून घे. परीक्षेला जाताना दाराला कुलूप लावलंस की ते ओढून बघ.

काल तू चिडून फाडलेलं पान मी केराच्या टोपलीतून काढलं. क्ष अधिक य बरोबर नऊ. त्याखाली दोन क्ष अधिक दोन य बरोबर अठरा. अगं वेडे, दुसरं समीकरण म्हणजे पहिल्याचीच दुप्पट! अज्ञात दोन आणि माहिती मात्र एकच. मग शून्य बरोबर शून्यच येणार. तू कुठेच चुकली नव्हतीस, उगाच रडलीस. एकच गोष्ट दोनदा सांगितली म्हणून दोन गोष्टी कळत नाहीत.

हे तुला कसं समजावू याचा विचार करत होते आणि मला बाबांचं बोलणं आठवलं. परवा बाबांना फोनवर विचारलं, ऑपरेशन कसं झालं? म्हणाले, "आई बरी आहे." काल म्हटलं, तिला फोन द्या. तर म्हणाले, "अगदी बरी आहे गं ती, कशाला काळजी करतेस?" आवाज तेवढा वाढला होता.

म्हणून स्वतःच जातेय. संध्याकाळी फोन करेन. मीही नुसतंच "बरी आहे" म्हणाले, तर गप्प बसू नकोस. "आईला फोन दे" म्हण.

ताई