पहिली दाद अप्पांची

अप्पा, तुम्ही गेलात त्या वयापेक्षा मी आता कितीतरी म्हातारी झालेय. साठ वर्षं पडद्यावर काम केलं, मानाचे पुरस्कार घेतले. तरी कुणी माझ्या अभिनयाचं कौतुक केलं की मला हुमनाबादचं आपलं स्वयंपाकघर दिसतं. निजामाचं राज्य जाऊन दोनेक वर्षं झाली होती. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी आजीचं काम केलं, टाळ्या पडल्या, आणि मी मिरवत घरी आले. तुम्ही कापडदुकान चालवणारे, त्या दिवसापर्यंत जन्मात नाटक न पाहिलेले. चुलीपुढं पाटावर बसून म्हणालात, "म्हातारी अशी उठती का गं? आधी हात टेकती, मग गुडघा. तू हरणीवाणी उठलीस." मी रडकुंडीला आले. मग तुम्ही स्वतःच उठून दाखवता. एक हात जमिनीवर, दुसरा कमरेवर, अर्ध्यात थांबून श्वास घेता. माझी आई, आपली अव्वा, इतकी हसते की तव्यावरची भाकरी करपते. जमेपर्यंत तुम्ही मला उठवत-बसवत राहिलात.

पुढं गुलबर्ग्याच्या एका नाटकात मला पाहून कोल्हापूरच्या दिग्दर्शकांनी सिनेमासाठी बोलावणं धाडलं, तेव्हा समाजातली चार मोठी माणसं दुकानात आली. "अण्णा, पोरीला सिनेमात कामून धाडायलाव? लगीन व्हईल का तिचं?" मी आतल्या दाराशी उभी होते. हातातला कापड मोजायचा गज खाली ठेवून तुम्ही म्हणालात, "मी कापड इकतो, ते माझं कायक, माझी पूजा. हे तिचं कायक. आपल्यात कुठलं काम हलकं मानलंय, सांगा." ते चौघं उठून गेले. त्या लग्नसराईत त्या चार घरांनी आपल्याकडून एक खणसुद्धा घेतला नाही. तुम्ही मात्र दुकान अव्वावर सोपवून माझ्यासोबत कोल्हापूरला आलात, आणि शूटिंग संपेपर्यंत रोज स्टुडिओच्या फाटकाशी बसून राहिलात.

तो सिनेमा आपल्या गावच्या तंबूत लागला, तेव्हा मी बायकांच्या बाजूला बसले होते. पडद्यावर सासरा मला काठीनं मारायला लागतो आणि तुम्ही ताडकन उठून बाहेर जाता. वाटलं, साऱ्या गावासमोर तुम्हाला माझी लाज वाटली. घरी जाताना तुम्ही माझ्यापुढं झपाझप चालत होतात. उंबऱ्याशी थांबून विचारलंत, "त्यानं खरंच मारलं का गं?"

"न्हाई अप्पा, काठी अंगाला लागलीच न्हाई."

"व्हय, ते ठाव हाय मला. मग मला बाहेर कामून जावं लागलं?"

एवढं बोलून हसलात आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसलेत. त्याहून मोठी दाद मला अजून कुणी दिलेली नाही.

दिल्लीत सगळ्यात मोठा पुरस्कार मिळाला, तेव्हा तुम्ही या जगात नव्हतात. मंचावर कुणीतरी विचारलं, तुमचे गुरू कोण? मी एका नामवंत दिग्दर्शकांचं नाव सांगितलं. कापडदुकानदार म्हणायला तेवढ्या माणसांत माझी जीभ रेटली नाही. पुढं शंभर ठिकाणी अभिमानानं तुमच्याबद्दल बोलले, पण ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. आज पहिल्यांदा लिहितेय, तेही तुम्हालाच. कारण तुम्ही हे वाचणार नाही.