खड्ड्यासाठी योग्य शब्द

४ फेब्रुवारी, सकाळी ९
फाटकासमोर खड्डा. पालिकेची चार माणसं आली, खणलं, आतल्या पाइपकडे बघितलं, हा तो पाइप नव्हे म्हणाली आणि निघाली. मुकादमाला विचारलं, किती खोल आहे. म्हणाला, कमरभर. कुणाच्या कमरेएवढा, म्हटलं. त्याने माझ्याकडे बघून विषय बदलला. जाताना फळी टाकून देतो म्हणाला. नको म्हटलं. फळी टाकली की खड्डा कायमचा होतो. मी कुंपणाला धरून कडेने ये-जा करू शकते. ताईची चाकाची खुर्ची मात्र तिथून येणार नाही. तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, सतराला डिस्चार्ज. ती माझ्याकडेच येणार, हे मी हॉस्पिटलात सगळ्यांदेखत सांगून बसलेय. वहिनीही न्यायला तयार होती. वहिनीचा चांगुलपणा मला सोसत नाही.
तेरा दिवस आहेत. एक पत्र पुरे. छत्तीस वर्षं विमा कंपनीचा पत्रव्यवहार मी सांभाळलाय.

५ फेब्रुवारी
पालिकेच्या कार्यालयात इंग्रजीत पत्र दिलं. ‘डीप’ एकदाच, पण नेमक्या जागी.

७ फेब्रुवारी
कार्यालयात फोन. तिथला कारकून सगळ्याला ‘हं हं’ करतो, म्हणून त्याचं नाव हंहं. पत्र मिळालं, पण वाचायचं कुणी ते ठरत नाही म्हणे. मराठीत द्या. देते. कॉन्व्हेंट शाळेत मराठी बोललं की मदर शिक्षा म्हणून फळा पुसायला लावायच्या. मी इतके फळे पुसलेत की माझं मराठी उत्तमच असणार.

८ फेब्रुवारी
शब्दकोश काढला. इंग्रजीत समुद्र डीप, झोप डीप, विचार डीप, दुःखही डीप. एकाच शब्दाला मरेस्तोवर राबवायचं. आपल्याकडे समुद्र अथांग, झोप गाढ, ज्ञान अगाध, विषय गहन, अभ्यास सखोल. हे मला आधी कुणी का सांगितलं नाही? आणि खड्डा? साधा खोल. छे. खोल कुणीही लिहील. ‘अथांग’ लिहिलं. वाचणारा दचकला पाहिजे.

१० फेब्रुवारी
हंहंचा फोन. अथांग म्हणजे पाणी असणार, म्हणून अर्ज पाणीपुरवठ्याकडे गेला. पाणी नाही म्हटलं. मग अथांग कसा? तळ लागत नाही असा, म्हटलं. तळ दिसतो का, म्हणाला. दिसतो. तिथे माझी चप्पल पडलीय.
मग म्हणाला, गुडघाभर की कमरभर, एवढंच लिहा. कमरभर असला की तीन दिवसांत बुजवतात, तसा नियम आहे. मी अर्जात कंबर लिहिणार नाही. अर्ज आहे, शिंप्याला दिलेलं माप नाही.

११ फेब्रुवारी, दुपारी
नवा अर्ज. ‘गहन’.
शेजारी भिंत पाडताहेत. गवंडी म्हणाला, बाई, हा राडारोडा कुठेतरी टाकायचाच आहे, तुमच्या खड्ड्यात टाकतो, अर्ध्या तासात सपाट. अर्ज चालू आहे आणि हा पुरावा बुजवायला निघाला. साफ नाही म्हटलं. जोडीदाराला म्हणाला, असू दे, बाईंना खड्डा हवाय.
ताईचा फोन. रस्ता झाला का गं? झाल्यात जमा, म्हटलं.

१३ फेब्रुवारी
लेखी उत्तर. विषय गहन असल्याने वरिष्ठांकडे विचारार्थ पाठवला आहे. शब्दाचं वजन पडतं ते असं.
संध्याकाळी चौकशी केली. वरिष्ठ महिनाभर रजेवर.

१४ फेब्रुवारी
खड्ड्यात कुणीतरी पालापाचोळा लोटला. कुणी पाहणीला आलंच तर उथळ दिसायला नको, म्हणून सगळा ओढून बाहेर काढला. दोन तास. पलीकडच्या आजोबांनी विचारलं, काही हरवलंय का. हो म्हटलं. सोपं पडलं.
‘सखोल’ घालून तिसरा अर्ज. पोच मिळाली. बाकी काही नाही.

१५ फेब्रुवारी
वहिनीचा फोन. ताईंची खोली आवरून ठेवू का, आपली असू दे. गरज नाही म्हटलं. वर-खाली होणारा पलंगसुद्धा भाड्याने सांगितलाय, एकोणीसला येतोय, तोवर दोन रात्री माझा पलंग. तो खड्ड्यावरून कसा आणणार, म्हणाली. हिला कुणी सांगितलं? ताईने. म्हणजे दोघी रोज बोलतात.

१६ फेब्रुवारी
सकाळी गवंड्याकडे गेले, टाक म्हणायला. राडारोडा काल ट्रकने गेला. तो हसला नाही, हे त्याच्या बाजूने लिहून ठेवते. मुकादमाला फळीसाठी फोन. उचलत नाही.
शेवटी कार्यालयात जाऊन लिहिलं. कमरभर. हंहंने लगेच शिक्का मारला. तीन दिवस, म्हणजे एकोणीस. उद्या नाही का जमणार, म्हटलं. म्हणाला, बाई, दहालाच हे लिहिलं असतंत तर आत्तापर्यंत बुजलाही असता. अगदी हळू बोलला. ओरडला असता तर बरं झालं असतं.
ताईला विचारलं, दोन दिवस हॉस्पिटलात थांबतेस? तिने नर्सला विचारलं. ताईची खाट दुसऱ्या कुणाला दिलीय.

१७ फेब्रुवारी, दुपारी १
ताई वहिनीकडे. दोनच दिवसांचा प्रश्न आहे, म्हटलं. ती म्हणाली, अगं, आता हलवू नका मला, जीव दमतो. तू येत जा की इकडे.
तू येत जा. पाहुणीला म्हणतात तसं.

१९ फेब्रुवारी
खड्डा बुजला. चार माणसं, पंधरा मिनिटं.
चारला पलंगवाले आले. फाटकातून सहज आत. कुठे मांडायचा, विचारलं. मी म्हटलं, थांबा, आणि वहिनीचा पत्ता लिहून दिला. तळमजला, जिना नाही, गाडी दारापर्यंत जाते, हेही लिहिलं.