बुजवायचं राहिलेलं बोअर

४ फेब्रुवारी
पोचले एकदाची. किनवटपासून चौदा किलोमीटर, सागाच्या रानाला लागून धुरपताबाईंचं शेत, त्यात आमचे तंबू. आमच्या शिरूर अनंतपाळला कुठंही खणा, काळा बसाल्टच लागतो. इथं ग्रॅनाइट वर आलाय, त्यात पांढऱ्या गारेची शीर आणि तिच्यावर मोरपंखी डाग. म्हणजे खाली तांबं, आणि आजवर कुणी हात लावलेला नाही. तीन बोअर पाडायची, दगडाचे गोल दांडे वर काढायचे, तांबं किती ते सांगायचं. महिन्यात सापडलं तर माझी नोकरी कायम. सापडणारच.

यंत्रावर उदगीरचे गुंडप्पा, साठीचे, तोंडात कायम तंबाखू. दांडे पेटीत मांडून खोली लिहिणारा धम्मदीप हदगावचा. मुलगी दुसरीत आहे हे त्यानं तासाभरात तीनदा सांगितलं. धुरपताबाईंनी भाकरी आणि ठेचा पाठवला. मी तीन भाकरी खाल्ल्या.

११ फेब्रुवारी
पहिलं बोअर पंच्याऐंशी मीटरवर थांबवलं. साठाव्या मीटरला तांब्याच्या खनिजाची पितळी चकाकणारी शीर लागली, करंगळीएवढी. गुंडप्पांचा हट्ट, बोअर सिमेंटनं बुजवल्याशिवाय यंत्र हलवायचं नाही. नियमही तोच आहे, पण सिमेंट सुकण्यात दोन दिवस जातात. मी ठरवलं, तिन्ही शेवटी एकदम बुजवू. सिमेंट यंत्राच्या ओट्याला वापरून टाकलं. ते म्हणाले, "मॅडम, जिमिनीचं तोंड वासून ठिवून फुडं जाऊ न्हाई. आमी कदी गेलो न्हाई." मी त्यांना म्हातारचळ लागलाय म्हणून चिडवलं. ते हसले नाहीत.

१५ फेब्रुवारी
दुसरं बोअर झालं. तेही उघडंच आहे.

धुरपताबाईंची शेळी मेली. पोटातून आरपार गोल भोक, कडा गुळगुळीत. मापलं तर आमच्या दांड्याएवढंच भरलं. धम्मदीपच्या रिकाम्या पेटीत मांसाचा आणि बरगड्यांचा ओला दांडा मांडून ठेवलेला होता. कुणाची चेष्टा म्हणून मी सगळ्यांना झापलं. धुरपताबाईंनी एवढंच विचारलं की तुम्ही खालून काय काढून राहिले.

१८ फेब्रुवारी
तिसऱ्या बोअरला एकशे चाळीस मीटरवर हातभर जाड तांबं. मी नाचले.

दुपारी गुंडप्पा दिसेनात. यंत्रामागे सापडले. छातीतून आरपार, पलीकडची माती दिसत होती. पेटीत त्यांचा दांडा. वरच्या टोकाला सदऱ्याच्या कापडाची गोल चकती.

पोलिसांना मी यंत्राचा अपघात सांगितला. यंत्र तेव्हा बंद होतं. मला नोकरी हवी होती, म्हणून सांगितलं.

१९ फेब्रुवारी
यंत्रावरचे मजूर पळाले. जीपही त्यांनीच नेली.

सकाळी चहा घेताना धम्मदीप ओरडला. डाव्या तळहाताचं मांस आपोआप गरगर फिरत होतं. मी दोन्ही हातांनी दाबून धरलं तरी तुकडा सुटून पडला. रक्ताची चिळकांडी माझ्या तोंडावर. हाडं कापल्याचा आवाज मी ऐकला. घरी जायचंय म्हणतोय, लेकीचं नाव घेतोय. मी बांधलेलं फडकं भिजून गेलं.

गुंडप्पा खरं सांगत होते. मी ऐकलं नाही.

२० फेब्रुवारी, सकाळ
धुरपताबाईंचा भाचा टेम्पोत सिमेंट घेऊन आला. पहिलं बुजलं, दुसरंही बुजलं. तिसऱ्यात नऊ पोती गेली, तरी ते भरेना. सगळं गिळतंय.

इकडे धम्मदीपच्या मांडीत सुरू झालं —

मी धावत जाऊन बोअरच्या तोंडावर तळवा दाबला. त्याची मांडी थांबली. हात उचलला तसा तो पुन्हा किंचाळला. पुन्हा दाबला, थांबली. दगड ठेवून पाहिला, तर परत सुरू झाली.

म्हणजे कुणीतरी तोंड झाकून बसायला हवं.

दुपार
पळालेले मजूर धडधाकट आहेत असं भाचा म्हणाला, म्हणजे लांब गेलं की सुटत असावं. धम्मदीपला टेम्पोत घातलं. भाच्याला सांगितलं, कुठं थांबू नको, हदगाव गाठ. धम्मदीप विचारत होता, पुनम मॅडम, तुमी? मी म्हटलं, मागून येते.

बोअरवर बसले आहे. पूर्ण वजन टाकून. वही गुडघ्यावर.

साडेतीन
हदगावला अजून तासभर तरी लागेल. तोवर उठायचं नाही. उठले तर त्याच्या —

खालून गरम हवा. यंत्र बंद आहे. मी त्याच्याकडेच बघतेय, बंदच आहे.

खाली फिरतंय. वर येतंय. चाळीस मीटर असेल. तीस —

धम्मदीप पोचू दे. एवढं —

लागलं. देवा, हाडाला ला