साहेबांची शिडी

मंगळवार, १० मार्च

ती. दादास,

नमस्कार. फोन असताना पत्र कशाला, असं तुझ्या मनात येईल. फोनवर तू मध्येच बोलतोस आणि मग मी गप्प बसते, म्हणून पत्र. इकडचं सगळं ठीक आहे. आईचा खोकला कमी झाला. स्वयंपाकघराचा गळका नळ एकदाचा बदलला. बाबांना काल उशीला टेकवून बसवलं होतं, थोडा वेळ बसले. वहिनीला सांग, तिने पाठवलेली शाल त्यांच्या पायांवर असते.

तू निरोपावर निरोप पाठवतो आहेस की तयार शिड्या गोदामातून का हलत नाहीत. ट्रकवाला येऊन रिकामा परत गेला हे खरं आहे. मीच त्याला परत पाठवलं. गोदामाची किल्ली माझ्याकडे आहे आणि मी ती कुणाला देत नाही. तुझ्या मॅनेजरने मला फार गोड आवाजात समजावलं की मॅडम, तुम्ही तपासणीच्या प्रमुख आहात, माल पाठवणं तुमच्याकडे येत नाही. मी हो म्हणाले आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

माल का अडवला, ते सांगायला बसले आहे. बाबांच्या शनिवारच्या चहापासून सुरुवात करते.

तुला आठवत असेलच. शनिवारी काम सुटायच्या आधी कारखान्यातलं कुणीतरी तयार मालातून एक शिडी ओढून काढायचं, मधोमध मांडायचं, आणि बाबा कपबशी हातात घेऊन थेट वरच्या पायरीवर जाऊन बसायचे. भाषण नाही, काही नाही. वर बसून चहा प्यायचे, खाली बाकीचे प्यायचे. शिडी कुठली काढायची ते कामगार ठरवत, बाबांनी कधीच निवडली नाही. तू लहान असताना त्यांना विचारलं होतंस, पडलात तर? ते म्हणाले होते, “म्हणून तर नीट करतात ना सगळे.” मला ते तेव्हा कळलं नव्हतं. तुला कळलं होतं का, माहीत नाही.

पुढे खुर्ची तुझ्याकडे आली आणि ऑफिस मोठ्या शहरात गेलं. इथे भिंतीवर काचेच्या चौकटीत आपलं गुणवत्ता धोरण लागलं, खाली तुझी झोकदार सही. रोज सकाळी सगळे ओळीत उभे राहून गुणवत्तेची शपथ घेतात आणि घेताना घड्याळाकडे बघतात. मीही बघते. तू शेवटचा इथे आलास तेव्हा बुटांना तेल लागलं म्हणून दारातूनच वळलास. टोमणा मारत नाहीये. खरंच नाही. टोमणा मारायला अंगात थोडी ऊब लागते, ती सध्या नाही.

बाबांनी मात्र निवृत्त झाल्यावरही शनिवार सोडला नाही. काठी टेकत यायचे, काठी शिडीला टेकवून वर चढायचे.

मग तू पायऱ्यांची पट्टी पातळ करायला सांगितलीस. बाजारात टिकायचं तर करावंच लागेल, म्हणालास. फोरमनकाका मिशा काळ्या होत्या तेव्हापासून आपल्याकडे आहेत. ते एवढ्यासाठी तुझ्या ऑफिसात आले होते. पायरी पायाखाली लवते, असं त्यांनी तुला सांगितलं. तू हसून म्हणालास, “बाबा दर शनिवारी चढतात ना? मग झालं तर.” मी तुझ्या शेजारच्याच खुर्चीवर होते. मला ते पटलं, दादा. काका काहीतरी बोलणार होते, पण पाण्याचा ग्लास संपवून उठले. काय बोलणार होते, ते त्यांनी मला गेल्या आठवड्यात सांगितलं.

रंगाच्या पिंपांमागे त्यांनी एक जुनी शिडी ठेवली होती, जाड पट्टीची. शनिवार आला की तीच काढायची, तीच मांडायची. सगळा कारखाना तिला साहेबांची शिडी म्हणायचा. ठरवून कुणी काही केलं नव्हतं. आठवडाभर तू सांगितलेल्या पातळ पायऱ्या ठोकायच्या आणि शनिवारी पिंपं सरकवायची. मी काकांना विचारलं, का केलंत? काका म्हणाले, “आता या वयात साहेबांना कशाला पाडायचं, ताई?” पावसात छत्री का घेतली असं विचारल्यावर सांगावं, तसं त्यांनी सांगितलं.

म्हणजे त्यांनी बाबांना आपल्या शिडीपासून वाचवलं, आणि बाबा चढतात म्हणून तू ती शिडी गावोगाव पाठवलीस. मी तपासणीला बसून मान डोलावली. यात कुणी खोटंसुद्धा बोललं नाही.

खोटं एकच आहे आणि ते माझं. बाबा बाथरूममध्ये घसरले असं मी तुला फोनवर सांगितलं, आणि तिथे असलेल्या सगळ्यांना तुला काही सांगू नका म्हटलं.

तू गुणवत्ता सप्ताहासाठी कॅमेरेवाला पाठवला होतास. संस्थापक शिडीवर बसून चहा पिताहेत, असं दृश्य तुला हवं होतं. बाबा खूश होते, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. नेहमीप्रमाणे साहेबांची शिडी मांडली. कॅमेरेवाल्याला ती आवडली नाही. रंग उडालाय, पोचे पडलेत, चांगली दिसत नाही, म्हणाला. बिचाऱ्याचं कामच ते. त्याने स्वतःच गठ्ठ्यातून एक कोरी करकरीत शिडी ओढली, प्लास्टिक फाडलं आणि उजेडात मांडली.

काका पुढे झाले. “साहेब, जुनीच बरी.”

बाबा म्हणाले, “का? नवीला काय झालंय?”

सगळा कारखाना तिथे उभा होता. काका माझ्याकडे बघत होते आणि मला वाटलं, कॅमेऱ्यापुढे बुजलेत. मीच बाबांच्या हातात कपबशी दिली.

मधली पायरी गेली. फार आवाज झाला नाही. बशीचा जास्त झाला.

तेव्हापासून मला काही होत नाही. रडू येत नाही, राग येत नाही. जेवते, झोपते, गोदामाच्या दाराला दोनदा कुलूप लावून बघते. तू फोनवर ओरडलास की वाटतं, बरं आहे, याला अजून ओरडता तरी येतंय.

डॉक्टर म्हणतात, खुबा जुळेल, पण पहिल्यासारखं चालणं नाही. बाबा सगळ्यांना एकच सांगतात की माझाच पाय चुकला. आईला, डॉक्टरांना, चादर बदलायला येणाऱ्या बाईंना. काका भेटायला आले, दाराशीच रडायला लागले, तर त्यांनाही तेच. “पाय चुकला रे माझा, शिडीत काही नाही.” वाकलेली पायरी मी पाहिली आहे. ती जोडणारा रिवेट पट्टी फाडून बाहेर आला आहे. बाबांनी आयुष्यभर शिड्या केल्या, आपल्या पायाखाली काय झालं ते त्यांना कळलं नसेल असं मला वाटत नाही. शिडीला दोष दिला तर तो तुझ्यापर्यंत येतो, म्हणून पाय चुकला.

तर हे असं आहे. गोदामात भिंतीला टेकून गठ्ठेच्या गठ्ठे उभे आहेत. ते दिवा बदलायला, भिंत रंगवायला, माळ्यावरचं सामान काढायला कुणाकुणाच्या घरी जाणार. तिथे पिंपांमागे कुणी दुसरी शिडी ठेवलेली नसेल. आधी गेलेल्या शिड्या परत मागवायच्या की नाही, तेही तुलाच सांगावं लागेल. माझ्या सांगण्याने काही होत नाही, हे तुझ्या मॅनेजरने मला समजावलंच आहे.

माझं एकच म्हणणं आहे. शनिवारी ये. काकांना सांगून ठेवलंय, साहेबांची शिडी बाहेर निघणार नाही. गठ्ठ्यातली हाताला येईल ती काढतील. तू वर चढ, बस, चहा पी. सगळ्यांसमोर. त्यानंतर किल्ली तुझी, माल तुझा, मी एक शब्द बोलणार नाही. आणि चढावंसं वाटलं नाही, तर तेही सगळ्यांसमोरच सांग. मग पट्टी पुन्हा जाड कर.

काल संध्याकाळी बाबांना भरवताना मी त्यांना हे सांगितलं. म्हटलं, दादाला शनिवारी बोलावते आहे, तुमच्या जागी तो चढेल. त्यांनी चमचा बाजूला सारला आणि माझं मनगट धरलं. इतक्या दिवसांत त्यांच्या हाताला एवढा जोर मी पाहिला नव्हता.

“त्याला नको चढवू,” म्हणाले. “त्याला त्या शिडीवर नको चढवू गं.”

मग तोंड भिंतीकडे फिरवलं. पाय चुकल्याचं त्यानंतर बोलले नाहीत.

वहिनीला आणि मुलांना आठवण सांग. शनिवारी चहा मी करीन, आणि शिडी खालून मीच धरीन.

तुझी,
धाकटी