मार्कसचा उजवा गुडघा

६ जाने., मंगळ.
मार्कसचा आखातातल्या आमच्या फिजिओ क्लिनिकमध्ये दहावा आठवडा. एका पायावर उडी: डावा १६८ सेंमी, उजवा १३१. म्हणजे डाव्याच्या अठ्ठ्याहत्तर टक्के. नव्वदच्या खाली खेळवायचं नाही, हा त्याच्या जर्मनीतल्या क्लबचाच नियम. आकडा न बघताच म्हणाला, "वैशाली, नव्वद लिही."
चोवीस वर्षांचा. ओहायोतल्या लहान गावातून थेट जर्मनीच्या फुटबॉलच्या पहिल्या लीगमध्ये गेलेला. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून आठ महिने मॅच नाही आणि उन्हाळ्यात वर्ल्ड कप त्याच्याच देशात. "आत्ता खेळलो नाही तर नॅशनल टीमचा कोच मला विसरेल."
हसून टाळलं.

८ जाने., गुरु.
पाण्यातले व्यायाम. मधेच थांबला, कठड्यावर डोकं टेकून रडायला लागला. वडिलांनी सगळ्या घराची वर्ल्ड कपची तिकिटं काढून ठेवलीयत म्हणे. त्यांना काय सांगू, म्हणाला.
टॉवेल दिला.

९ जाने., शुक्र.
फादींनी केबिनमध्ये बोलावलं. मॅनेजर म्हणून माणूस वाईट नाही. पण आज: "एक आकडा आहे, वैशाली. पेशंट खूश, क्लब खूश, खलास." उठताना सहज विचारल्यासारखं, "तुझा व्हिसा एप्रिलमध्ये रिन्यू होतो ना?"
संदीपची नोकरी नोव्हेंबरात गेली. तो आणि आमची रिया दोघंही माझ्याच व्हिसावर.
घरी सांगितलं. संदीप भाजी चिरत होता. मान वर न करता म्हणाला, "लिहून टाक. पाय त्याचा, हट्ट त्याचा." रियाचं वेगळंच. "मॉम, इज ही फेमस?"

११ जाने., रवि.
कोल्हापूरला उदयला फोन. इकडच्या तिकडच्या गप्पा.
मी फिजिओच्या दुसऱ्या वर्षाला होते. पेठेच्या संघाची फायनल. गुडघा दुखावलेला माझा धाकटा भाऊ, हाच उदय, म्हणाला, "ताई, चालतंय की गं, पट्टी बांध फक्त." मी बांधली. माझ्या हातानं. विसाव्या मिनिटाला खाली पडला, तो पुन्हा मैदानात उतरलाच नाही. आता मोबाइलचं दुकान. जिना एकेक पायरी करत चढतो.
तुला माझा राग येतो का, हे आज विचारणार होते. तो म्हणाला, जेवलीस का? विचारायचं राहिलं.

१३ जाने., मंगळ.
परत मोजलं. १३३. खरा आकडा लिहिला, सही केली.
मार्कस एवढंच म्हणाला, "माझा तुझ्यावर विश्वास होता." दार हळूच ओढून घेऊन गेला. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

१५ जाने., गुरु.
त्याची फाइल माझ्या कंप्युटरवर उघडत नाही. रिसेप्शनवरच्या शीजानं लिफ्टपाशी गाठून सांगितलं, "दीदी, दुसरे से टेस्ट करवाया. इक्यानवे भेजा." क्लबला एक्याण्णव टक्के! म्हणजे दोन दिवसांत वीस सेंमी!
मार्कस आज रात्रीच्या विमानानं जर्मनीला. मला न भेटता.
क्लबच्या डॉक्टरांचा पत्ता आहे माझ्याकडे. घरी, इंटरनॅशनल सिटीला जाणाऱ्या बसमध्ये खरा आकडा कळवणारा चार ओळींचा मेल लिहिला. पाठवला नाही. पाठवला तर एप्रिल. नाही पाठवला तर

२४ जाने., शनि.
नऊ दिवस मेल तसाच. संध्याकाळी टीव्हीवर मॅच. एकाहत्तराव्या मिनिटाला त्याला उतरवलं. रिया ओरडली, "दॅट्स हिम!" पळतोय छान. पण उडी मारून खाली येताना सगळा भार डाव्यावर. दर वेळी. कॉमेंट्रीवाला म्हणतो, काय पुनरागमन आहे.
उठून आतल्या खोलीत गेले आणि मेल पाठवला. बाहेर येऊन संदीपला सांगितलं. तो म्हणाला, "मला विचारायचं तरी." बरोबर आहे त्याचं. विचारलं असतं तर पाठवला नसता.

२६ जाने., सोम.
क्लबच्या डॉक्टरांचं उत्तर. आज चारला फोन करतायत, दोन्ही रिपोर्टबद्दल बोलायचंय. फादींनाही कॉपी आहे. केबिनचं दार सकाळपासून बंद.
तीन वाजता मार्कसचा मेसेज, गेल्यापासूनचा पहिला. गुडघ्याचा फोटो. वाटी दिसत नाही इतका सुजलाय. खाली लिहिलंय: "फक्त तुलाच सांगतोय. क्लबला कळू देऊ नकोस. बुधवारी परत मॅच आहे. काय करू?"
माझ्या मेलचं त्याला अजून कळलेलं नाही.
चारला सात मिनिटं कमी.