साडेतीनचा घाम

४ जून

चाळीस शर्टांचे ऐंशी पुढचे भाग, आणि ऐंशीच्या ऐंशी डाव्या बाजूचे! कापडाचा एक थर सुलटा, एक उलटा अंथरायचा, हे काल आलेल्या शिकाऊ मुलीलाही कळतं. मी सगळे सुलटेच अंथरले. साडेतीन वाजले होते. हात थरथरत होते, डोळ्यांपुढे अंधारी.

थोरल्या जाऊबाईंना आयतं कोलीत मिळालं. भर दुकानात म्हणाल्या, "खायचं मणभर, काम कणभर! हे पोतं आता काजबटणाला बसवा." माझ्या हातातली कात्री काढून घेतली आणि स्वतःच कापायला उभ्या राहिल्या. चौदा वर्षं ते कापायचं टेबल माझं होतं. हे बाजूलाच उभे होते. बायकोला कुणी पोतं म्हटलं तर नवऱ्याने निदान खोकावं तरी!

उट्टं काढीन. राग शिळा होऊ नये म्हणून लिहून ठेवते आहे.

५ जून

काजं. दिवसभर काजं. काजबटणवाल्या मावशी म्हणाल्या, "बस गं, इथं पंखा तरी आहे."

९ जून

तपासणी झाली. ग्लुकोजचं पाणी पाजून चार तास बसवलं, दर थोड्या वेळाने रक्त घेतलं. तिसऱ्या तासाला साखर अठ्ठेचाळीस! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही आळशी नाही. जेवलात की साखर भराभर चढते, शरीर गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन सोडतं, मग ती धाडकन उतरते. थरथर थांबवायला तुम्ही बिस्किटं खाता, की पुन्हा तेच. वजन त्यातूनच वाढलंय." दोन वर्षांत एकसष्टचे चौऱ्याहत्तर किलो!

तुम्ही आळशी नाही. हे कागदावर लिहून मागायला हवं होतं. फ्रेम करून थोरलीच्या डोक्यावर टांगलं असतं.

आता दर तीन तासांनी थोडंथोडं खायचं. आधी अंडं किंवा दही, भात मूठभर, तोही शेवटी. चहा बिनसाखरेचा. जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर गोळी. आणि थरथर सुरू झालीच तर ग्लुकोजची पूड. घरातली साखर नाही, या गोळीवर ती उशिरा लागू पडते.

१२ जून

गोळीने पोटात नुसता गडगडाट. भर दुकानात व्हायचं ते झालं! मावशींनी लगेच मशीन जोरात चालवलं. देव त्यांचं भलं करो.

२० जून

अकराच्या ठोक्याला दाणे खाते. थोरलीच्या नाकावर टिच्चून. "झालं चरणं सुरू!" म्हणाली. म्हण बाई, म्हण.

११ जुलै

एकाहत्तर किलो! महिनाभरात एकदाही हात थरथरला नाही. हिंमत करून सगळ्यांना आजाराचं सांगितलं आणि टेबल परत मागितलं. थोरली म्हणाली, "ते ऐंशी डावे भाग कपाटात पडलेत. एकाच हाताची माणसं शोध, त्यांना शिवून घाल." सगळे हसले. हेसुद्धा! घरी येऊन तासभर रडले, आणि रडले म्हणून स्वतःवरच चिडले. रडवायचं तिला आहे.

१८ जुलै

आज कळलं. देवा, आज कळलं!

थोरली सकाळी काही खात नाही, नुसता गोड चहा, तीन-तीन कप. दुपारी उभ्याउभ्या भाताचा डोंगर. आज साडेतीनला तिच्या वरच्या ओठावर घाम आला. टेबलाची कड घट्ट धरली. मग उगाचच मावशींवर खेकसली, बिस्किटाचा पुडा फोडला, चार खाल्ली.

तो घाम मी कुठेही ओळखीन. दोन वर्षं माझ्याच ओठावर होता.

पुडीतलं ग्लुकोज माझ्या एप्रनच्या खिशात होतं. हात खिशापर्यंत गेला. मग पोतं आठवलं, आणि मी पुढचं काज घेतलं. कळू दे तिलाही, भोगणं काय असतं!

१९ जुलै

३:३५. घाम. बिस्किटं.

२२ जुलै

३:२०. खडूची रेघ वाकडी. पुसली, पुन्हा वाकडी. मी डोळ्यांत तेल घालून बघते आहे. इतकं मन लावून मी कधी सिनेमाही बघितला नाही.

२६ जुलै

कॉलर सगळ्या एक माप लहान कापल्या! गिऱ्हाईक तावातावाने बोलून गेलं. संध्याकाळी हे हळूच म्हणाले, "उद्यापासून टेबल तूच बघ. वहिनींना झेपत नाही हल्ली."

मनात लाडू फुटले. पण म्हटलं, "असं गुपचूप नाही. ताईंनी स्वतः म्हणायला हवं, सगळ्यांसमोर. तोवर मी काजंच करीन."

"तू पण ना," म्हणाले. हो, मी पण!

२९ जुलै

३:४०. कापडाचे थर कापायचा विजेचा कटर चालू होता आणि थोरली त्याच्यावरच कोसळली. उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं गेली. रक्त कापडाच्या सगळ्या थरांतून खाली उतरलं.

सगळ्यांत आधी मीच पोचले. मशीन बंद केलं, हात फडक्यात घट्ट गुंडाळला, खिशातली पूड काढून तिच्या हिरड्यांवर चोळली. तिने डोळे उघडले. मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "तुझ्या खिशातच होती होय ही?"

रुग्णालयात डॉक्टरांनी विचारलं, "असं कधीपासून होत होतं?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मीही बघितलं. तारखा आणि वेळा मला पाठ होत्या.

३१ जुलै

भेटायला गेले. खोलीत सगळे होते. बँडेजचा हात उशीवर ठेवून ती म्हणाली, "टेबल हिचं. माझंच चुकलं."

मग मला जवळ बोलावलं. हळूच म्हणाली, "तुझ्यासारखंच होतंय असं दोनतीनदा वाटलं गं मला. पण म्हटलं, तसं असतं तर तू सगळ्यांत आधी बोलली असतीस."